मेमो आणि मेमरी

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या आणि उभा जन्म खडू-फळ्याच्या संगतीत घालविलेल्या माणसाने संगणकाच्या स्मृतीविषयी लेख लिहावा, हे आमच्या वाचकांना काहीसे चमत्कारिक वाटेल. आम्हालाही ते तसेच वाटते. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक अपराध घडला. त्याचे परिमार्जन करताना जी थोडीशी विद्या पदरी पडली ती चारचौघांना सांगावी, असे मनाने घेतले.

आमची सरकारी शाळा अफझलगंजातील एका बोळात आहे. पाचवे निजाम अफझल-उद्-दौला यांचे नाव धारण करणारी ही पेठ धान्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध. एका अंगाला मुसी नदी, तिच्या काठी उस्मानिया रुग्णालय, जवळच राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य इमारत, आणि मधल्या गल्लीबोळांतून पोती वाहणाऱ्या हातगाड्यांची अखंड वर्दळ. आमचे बहुतेक विद्यार्थी या हातगाड्या ओढणाऱ्यांचीच मुले. शाळेच्या कार्यालयात एक संगणक आहे आणि तो चालविण्यासाठी कंत्राटी पद्धतीवर नेमलेली एक तरुण मुलगी आहे.

हा संगणक म्हणजे आमच्या संयमाची रोजची परीक्षा. सकाळी कळ दाबावी, व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालावे, हजेरीपटावर सह्या कराव्यात, तरी पडद्यावरचे निळे कडे आपले गरगर फिरतच असायचे! “मेमरी भरली असेल,” असे एका सहकाऱ्याने निदान केले. आम्ही तत्परतेने गेल्या कित्येक वर्षांच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे पुसून टाकली. काळजावर दगड ठेवून केलेल्या या त्यागाने यंत्राची गती रतिभरही वाढली नाही.

आणि मग तो दिवस आला. आठवीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय साधन-तथा-गुणवत्ता शिष्यवृत्ती असते. परीक्षेत निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. हमालाच्या घरात ही रक्कम म्हणजे मुलाचे शिक्षण चालू राहणे की दुकानात पुड्या बांधायला जाणे, यांमधले अंतर. आमच्या ३१ मुलांची माहिती दुसऱ्या दिवशी पाठवायची होती. पालकांचे उत्पन्न, बँकेचे खाते, जन्मतारीख, सारे काही ती मुलगी दुपारपासून टंकित करीत होती. चारच्या सुमारास आम्ही पाहावयास गेलो, तो निळे कडे फिरत होते. पाच मिनिटे झाली, दहा झाली. आमचा पारा चढला. आम्ही खाली वाकलो आणि भिंतीतला प्लग ओढून काढला.

“सर, अब्भी सेव नै करी मैं!” एवढेच ती म्हणाली.

पडदा काळा झाला होता. ३१ मुलांची माहिती गेली ती गेलीच. अर्धवट काम आपोआप राखून ठेवण्याची सोय यंत्रात असते. ती आमच्याकडे कोणी चालू केलेली नव्हती. ती मुलगी रात्री आठपर्यंत बसली आणि पुन्हा पहिल्या नावापासून सारे लिहून तिने यादी पूर्ण केली. यादी वेळेवर गेली. तरीही घरी आल्यावर आम्ही काय करावे? कामातील दिरंगाईबद्दल तिला देण्यासाठी एक कडक मेमो लिहिला. पुढच्याच महिन्यात तिच्या कंत्राटाचे नूतनीकरण व्हायचे होते आणि असा कागद फायलीत लागला म्हणजे काय होते, हे आम्हाला पक्के ठाऊक होते.

तो रविवार होता म्हणूनच मेमो आमच्या पिशवीत पडून राहिला. दुपारी धाकट्या बंधूंची कन्या आली. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात संगणकशास्त्र शिकते. सौभाग्यवतींनी केलेली साबुदाण्याची खिचडी खाताना आम्ही यंत्राची आणि त्या मुलीचीही यथेच्छ निंदा केली. तिने ती ऐकून घेतली आणि विचारले, “काका, तुम्ही एम. ए.ला असताना मध्यवर्ती ग्रंथालयात बसून अभ्यास करायचात ना? कसा करायचात, सांगा.”

हा विषय आमच्या जिव्हाळ्याचा. १८९१ साली आसफिया ग्रंथालय म्हणून सुरू झालेली ती संस्था १९३६ साली मुसीकाठच्या आजच्या वास्तूत आली. उंच छताच्या त्या दालनातील एका मेजाशी आमची दोन वर्षे गेली. आम्ही सांगितले, “चिठ्ठी लिहून द्यायची, शिपाई आतल्या कपाटांतून ग्रंथ आणून द्यायचा. मेजावर चार-पाच ग्रंथ उघडे ठेवायचे आणि टिपणे काढायची.”

“झाले तर,” ती म्हणाली. “वाचणारे तुम्ही म्हणजे प्रोसेसर. ते मेज म्हणजे रॅम, म्हणजे यंत्राची कामचलाऊ स्मृती. आणि आतली कपाटे म्हणजे डिस्क, कायमचे कोठार. लोक दोहोंनाही मेमरीच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. तुम्ही छायाचित्रे पुसलीत तेव्हा कपाटातली पुस्तके काढलीत. अडचण होती मेजावर.”

आम्ही खिचडीचा घास तसाच हातात धरून बसलो.

पुढे तिने जे समजाविले त्याचा सारांश असा. यंत्र कोणतेही काम करते ते मेजावर. पुस्तक कपाटातून मेजावर आणल्याखेरीज ते वाचता येत नाही. मेजावरची वस्तू हाती यायला साधारणतः एका सेकंदाचा कोटीवा भाग पुरतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कमधून तीच आणायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. म्हणजे तफावत लाखपटीची. “मेजावरचे पुस्तक उचलायला तुम्हाला एक सेकंद लागत असेल,” ती म्हणाली, “तर कपाटातले यायला जवळजवळ २८ तास लागतील!” नव्या पद्धतीच्या, तबकडी नसलेल्या डिस्कला त्याच हिशेबाने पंधरा-सतरा मिनिटे लागतात. २८ तासांपुढे ती चैनच म्हणायची. पण मेज ते मेजच.

मग मेज भरले की काय होते? शिपाई बराच वेळ न चाळलेले एखादे पान उचलून आत नेऊन ठेवतो आणि त्या जागी नवे आणतो. वाचकाला वाटते आपले मेज फार मोठे आहे. ही युक्ती मँचेस्टर विद्यापीठात घडलेल्या ‘ॲटलस’ नावाच्या संगणकात १९६२ साली प्रथम प्रत्यक्षात आली. परंतु युक्तीलाही मर्यादा असते. वाचकाने एकाच वेळी इतके ग्रंथ मागितले की आत नेलेले पानच पुढच्या क्षणी पुन्हा हवे झाले, तर शिपायाच्या खेपा संपत नाहीत आणि वाचन मात्र शून्य. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ साली या अवस्थेची मीमांसा केली. “तुमचे निळे कडे फिरते ना, काका, तेव्हा यंत्र झोपलेले नसते. ते जिवाच्या आकांताने धावत असते. फक्त त्या धावण्यातून काही निष्पन्न होत नाही.”

यंत्राच्या या शास्त्रात ‘पान’ हाच शब्द वापरतात, हे ऐकून आमच्यातील मराठीचा शिक्षक सुखावला. बहुतेक यंत्रांत एक पान ४,०९६ बाइटांचे असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. ‘श्री’ एवढेच लिहिले तरी श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून बारा झाले. त्या मानाने एका पानात सुमारे १,३६५ चिन्हे मावतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधाच्या वहीचे पान याहून फारसे मोठे नसावे! आमच्या संगणकाचे मेज चार जीबीचे. म्हणजे त्यावर १०,४८,५७६ पाने मावतात. दहा लाख पानांचे मेज आणि तरीही अपुरे? याउलट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली चालू झाला, त्याच्या स्मृतीत चाळीस-चाळीस बिटांचे अवघे २,०४८ शब्द मावत. हिशेब केला तर आजची अडीच पाने! त्या अडीच पानांच्या मेजावर त्यांनी विज्ञानातील किचकट गणिते सोडविली.

“आणि प्लग काढल्यावर सारे गेले ते का?” आम्ही चाचरत विचारले.

तिने सांगितले, की रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कुपीत साठविलेला विजेचा थेंब. कुपी गळकी असते. म्हणून यंत्र सेकंदाला पंधरा-सोळा वेळा सगळ्या कुप्या तपासून पुन्हा भरते. ही रचना रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली कल्पिली. आम्ही म्हटले, “अगं, ही तर उजळणी!” ती हसून म्हणाली, “होय, उजळणीच. वीज गेली की उजळणी थांबते आणि पाढे विसरले जातात. म्हणून काम मधूनमधून कपाटात ठेवायचे. सेव करणे म्हणजे तेच.”

अफझलगंजात राहणाऱ्याला खरे तर हे निराळे सांगावयास नको होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि ही पेठ एका दिवसात उद्ध्वस्त झाली. रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, ती हकिकत येथे अजून सांगतात. उंच जागी जे वेळीच पोचले ते उरले. आमच्या त्या दुपारच्या कामाला चढायला झाड मिळाले नाही. कारण ते चढण्यापूर्वीच पूर आम्ही आणला होता.

सोमवारी ती आमच्याबरोबर शाळेत आली. तिने ‘टास्क मॅनेजर’ नावाची खिडकी उघडली. त्यात कोणत्या कामाने मेजाची किती जागा अडविली आहे याचा चोख हिशेब असतो. आम्ही तीस वर्षे सेवेत आहोत, पण इतकी प्रामाणिक हजेरी कोठे पाहिली नाही. मेज ९६ टक्के भरलेले. विषाणू रोखणारे दोन-दोन पहारेकरी एकमेकांवरच पाळत ठेवून बसलेले. कळ दाबताच न बोलाविता उठणारे पाच-सहा आगंतुक. आणि सर्वांहून मोठा वाटा ब्राउझरचा, त्यात चौतीस पाने उघडी. ती कोणाची? सकाळी लवकर येऊन मुंबई-पुण्याची वृत्तपत्रे वाचण्याचा आमचा परिपाठ आहे. वाचलेले पान मिटावे लागते, हे आम्हाला माहीत नव्हते.

एक पहारेकरी रजेवर गेला, आगंतुकांना दार बंद झाले, वृत्तपत्रे मिटली. आकडा ५८ वर आला आणि यंत्र असे चालू लागले की आम्ही चश्मा पुसून पाहिले. आम्ही उत्साहाने म्हटले, “मग सगळेच रिकामे करू या!” त्यावर तिने आवरले. मेज रिकामे असणे हा गुण नव्हे. शहाणे यंत्र मोकळ्या जागेत लागण्याजोगी पाने मुद्दाम मांडून ठेवते आणि गरज पडताच ती उचलून जागा करून देते. जागा अडणे वाईट नाही, शिपायाच्या खेपा वाढणे वाईट. पुढे आणखी चार जीबीची एक पट्टी सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून आणून बसविली, पण निम्मे दुखणे तीपूर्वीच बरे झाले होते.

आमची छायाचित्रे यंत्राच्या कचरापेटीत सुखरूप सापडली. पेटी रिकामी करीपर्यंत पुसलेले पुसले जात नाही, म्हणून त्यागाने कपाटातही जागा झाली नव्हती! आमच्या अज्ञानाने आमच्यावर केलेला हा एकमेव उपकार.

हे चालू असताना ती संगणकचालक मुलगी बाजूला उभी राहून सारे पाहत होती. पुतणीने तिला सहज विचारले, “त्या दिवशी दुपारी तुमच्याकडे कायकाय कामे होती?” तिने बोटांवर मोजली. शिष्यवृत्तीची यादी, माध्यान्ह भोजनाचे आकडे, पगारपत्रके, दोन दाखले. “और सर हर दस मिनट को बुलाते थे,” ती खालच्या आवाजात म्हणाली.

खरे होते. आम्हीच बोलावीत होतो. एक काम तिच्या हातून काढून दुसरे देत होतो, दुसरे काढून तिसरे. शिपायाच्या खेपांवर काल आम्ही मोठ्या रसाने माना डोलाविल्या होत्या; तो शिपाई आमच्याच कार्यालयात आमच्याच घंटीवर धावत होता.

आम्ही पिशवीतून मेमो काढला. तिच्या समोर तो फाडला आणि तिच्या भाषेत, आमच्या मोडक्या तेलुगूत, क्षमा मागितली. ती इतकी गोंधळली की चहा आणायला निघाली. चहा त्या दिवशी आम्ही आणला. पुढच्या महिन्यात तिच्या नूतनीकरणाच्या कागदावर आम्ही जी शिफारस लिहिली ती लिहून होताच, कोणी सांगण्यापूर्वी, सेव केली.

त्या ३१ मुलांपैकी चौघांची निवड झाली. आता कोणी मूल वर्गात संथ दिसले की प्रगतिपुस्तकात शेरा लिहिण्यापूर्वी आम्ही त्याला जवळ बोलावितो आणि शाळा सुटल्यावर ते कोठे जाते, हे विचारतो. उस्मानगंजात पोती शिवतो, असे परवा एकाने सांगितले. शेऱ्याची जागा आम्ही तूर्त कोरी ठेवली आहे.