बॉनेटच्या पापण्या

मोहोळच्या अलीकडे, पुणे रस्त्याच्या कडेला चहाची एक टपरी आहे. मे महिन्यातल्या एका पहाटे तिथे हिरव्या रंगाची, बुटकी, जेमतेम दोन माणसं मावतील अशी गाडी येऊन थांबली. टपरीवाला गाडीपेक्षा तिच्या बॉनेटकडेच बघत राहिला. बॉनेटवर पांढऱ्या सुताचे बोटबोटभर साठ-सत्तर तुकडे ओळीने चिकटवलेले होते.

"नवस हाय का?" त्याने विचारलं.

"होय की. वाऱ्याचा," गाडीतून उतरत मिस्त्री म्हणाले.

उत्तर थट्टेचं होतं, पण खोटं नव्हतं. त्या सुताच्या शेपट्या कुठल्या वेगाला कुठे वळतात, कुठे सरळ झोपतात आणि कुठे वेड लागल्यासारख्या गरगरतात, ते पाहिल्याखेरीज पत्र्याला कात्री लावायची नाही, असं ठरलं होतं. गाडी होती १९५७ ची एमजीए. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून थोड्या जास्त गाड्या तयार झाल्या आणि त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या. प्रस्तुत लेखक जुन्या गाड्यांच्या पत्र्याचं काम करतो आणि ही गाडी त्याच्या सोलापूरच्या शेडमध्ये आली ती अगदी साध्या तक्रारीने: "हिवाळ्यात पळते, उन्हाळ्यात सात रस्त्याच्या सिग्नलला बंद पडते."

एमजीएचं इंजिन आपल्याला परकं नाही. ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतलं, १४८९ सीसीचं, म्हणजे ज्याच्या जोरावर अ‍ॅम्बॅसिडर कित्येक वर्षं देशभर धावली त्याचंच भावंड. एमजीत त्याला जोडीचे दोन कार्ब्युरेटर मिळाले आणि अंगात थोडी मस्ती आली, एवढाच फरक. पण या घराण्यात एक खोड आहे. हवा-पेट्रोल आत घेणारी आणि जळका धूर बाहेर टाकणारी, दोन्ही तोंडं इंजिनाच्या एकाच बाजूला, डावीकडे आहेत. त्यामुळे लालबुंद तापणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्यांवरच कार्ब्युरेटरची जोडी बसते. चुलीवर दुधाचं पातेलं ठेवावं तसं तिथे पेट्रोल ठेवलेलं असतं. इंग्लंडच्या थंडीत ते पातेलं कोमट राहतं. सोलापुरात ते उतू जातं, म्हणजे पेट्रोलची वाफ होते, इंजिन आचके देतं आणि बंद पडतं.

आकड्यांत बोलायचं तर रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि बाहेरची हवा २० वर असेल तर फरक ७० चा. आपल्या मेमधल्या ४३ अंशांच्या दुपारी तोच फरक ४७ वर येतो; म्हणजे एक तृतीयांश ताकद गाडी सुरू करण्याआधीच गेली. त्यात सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचावर. तापलेली आणि उंचावरची हवा विरळ असते. समुद्रकाठच्या २० अंशांच्या हवेपेक्षा आपली दुपारची हवा वजनाला साधारण बारा टक्के हलकी भरते. पंखा तेवढाच फिरतो, पण त्याच्या ओंजळीत येतं कमी.

तेव्हा बॉनेटला झरोके हवेत, यावर मालक, मिस्त्री आणि प्रस्तुत लेखक या तिघांचं एकमत होतं. ते कुठे पाडायचे, यावर तिघांची तीन मतं होती.

मालकांनी मोबाइलवर ऑस्टिन-हीली १०० एमचा फोटो आणला होता. लूव्हरच्या, म्हणजे पत्र्यातूनच उठवलेल्या झरोक्यांच्या, ओळींनी भरलेलं आणि कातडी पट्ट्याने आवळलेलं बॉनेट असलेल्या त्या गाड्या कारखान्यातून १९५५-५६ मध्ये ६४० निघाल्या, आणि जगभरच्या हौशी लोकांनी तेव्हापासून त्या बॉनेटच्या नकला चालवल्या आहेत. मालकांचं म्हणणं, "आपल्यालाही अस्संच, पण बरोबर एक्झॉस्टच्या डोक्यावर." जिथे ताप तिथे भोक, हा विचार कुणालाही सुचेल. मिस्त्रींचं मत वेगळं. ते म्हणाले, "मालक, पार मागं काढू, काचेजवळ. गरम हवा मागं जाऊन साचते." रस्त्यावर जे चालतं त्यावर त्यांचा भरवसा. आपल्याकडे कित्येक पोरं बिजागरीखाली वायसर घालून बॉनेट मागून बोटभर उचलतात आणि गाडी गार राहते असं सांगतात.

सोलापूरच्या माणसाला गरम हवेची चाल समजावून सांगावी लागत नाही. गिरण्यांची धुराडी बघत इथल्या तीन-चार पिढ्या वाढल्या. तापलेली हवा हलकी होते, वर चढते आणि खालून गार हवा ओढून घेते. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट हेही एक छोटं धुराडंच असतं. त्या वेळी भोक कुठेही पाडा, काम होतं. मागून उचललेल्या बॉनेटमधूनही गरम वाफारा निघतो आणि वायसरवाल्या पोराला वाटतं, जमलं.

गाडी पळू लागली की धुराड्याचा कायदा मागे पडतो. समोरून येणारा वारा काचेच्या पायथ्याशी आदळतो, अडतो, आणि तिथे दाब वाढतो. तिथल्या फटीतून हवा बाहेर पडण्याऐवजी आत घुसते. शेवरोलेने १९६९ च्या कमॅरोला मागे तोंड असलेलं फुगीर बॉनेट दिलं ते हवा बाहेर सोडायला नव्हे. काचेच्या पायथ्याची दाबाखालची गार हवा इंजिनाला पाजायला. अमेरिकेतल्या शर्यतीच्या गाड्याही तिथूनच श्वास घेत. म्हणजे हमरस्त्यावर वायसरवाल्या पोराने पुढून जाळीतून हवा आत घेतली आणि मागूनही घेतली. बाहेर जायला वाट उरते ती फक्त गाडीच्या पोटाखालून.

याउलट नाकावरून वर चढलेला वारा बॉनेटच्या सपाटीवर वळतो तिथे, म्हणजे बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात, त्याचा वेग वाढतो आणि दाब पडतो. तिथे भोक असेल तर बाहेरचा वारा आतली हवा स्वतःहून ओढून नेतो. रेडिएटरमधून निघालेल्या गरम हवेला इंजिनाला वळसा न घालता तिथूनच वर वाट काढून देता आली तर कार्ब्युरेटरपर्यंत ताप पोचतोच कमी. एक्झॉस्टच्या डोक्यावर, मालकांच्या जागी, भोक पाडलं तर ते ना पुढच्या ओढीत येतं ना मागच्या दाबात. मधल्या मध्ये लोंबकळतं.

हे सगळं पुस्तकी आहे आणि प्रत्येक गाडीचं नाक वेगळं. म्हणून सूत. शहराच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागावरून टाकाऊ सुताची पिंडी आणली, चिकटपट्टीने तुकडे लावले आणि दुसऱ्या गाडीतून चित्रण केलं. मात्र सूत फक्त वाऱ्याची दिशा सांगतं, दाब सांगत नाही, आणि इथे हौशी लोक फसतात. दाबासाठी पारदर्शक नळी यू आकारात वाकवून फळीवर बसवली आणि तिच्यात निळीचं पाणी भरलं. नळीचं एक टोक बॉनेटच्या खाली, दुसरं बॉनेटच्या वर जिथे भोक पाडायचा विचार आहे तिथे पट्टीने चिकटवलेलं. दोन भुजांतल्या पाण्यात एक मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण दहा पास्कल. सोलापूरच्या उन्हाळी हवेत ताशी १०० किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा पूर्ण दाब चाळीस-बेचाळीस मिलिमीटर पाण्याएवढा भरतो; त्यामुळे पाच-सात मिलिमीटरचा फरकही बराच बोलका असतो. मांडीवर फळी घेऊन मिस्त्री बसले होते. काचेजवळच्या जागेवर ताशी ऐंशीला पाणी उलट्या भुजेत चढलं, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वीस वर्षं वायसर घालतोय की मी लोकांना."

असल्या उद्योगासाठी सोलापूर ही काही आडजागा नाही. इथे १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी निघाल्या. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन ज्या फियाट ११०० च्या वंशातलं, त्याच वंशाच्या इंजिनावर इटलीत चिसितालिया २०२ ही स्पोर्ट्स कार उभी राहिली. पिनिन फारिनांनी घडवलेली ती गाडी आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. आपल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचं ते नातलग कुणी ओळखून हाक मारत नाही, ही गोष्ट निराळी. आणि १९९२ साली निघालेली सोलापूरचीच प्रिसिजन कॅमशाफ्ट्स जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते आहे. बॉनेटच्या आतलं इथे बनतं, तर बॉनेट का बनू नये?

एमजीएचं अंग पोलादी, पण दारं, डिकी आणि बॉनेट अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची. अ‍ॅल्युमिनियम दिसायला गरीब आणि वागायला लहरी. पोलाद तापलं की लाल होऊन इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलता एकाएकी वितळून खाली पडतं. लूव्हर उठवताना पत्रा ताणला जातो, आणि कडक पत्रा टोकाला हमखास तडकतो. म्हणून आधी तो नरम करायचा. त्याची जुनी युक्ती म्हणजे पत्र्यावर कपडे धुण्याचा साबण चोळायचा आणि ज्योत फिरवत राहायची. साबण काळा पडला की ज्योत बाजूला. यापुढे एक क्षण जास्त म्हणजे नवा पत्रा आणायचा. या कामात शेडमधले दोन तुकडे असे गेले, आणि ज्योत दोन्ही वेळा लेखकाच्याच हातात होती.

एक-एक लूव्हर उठवायला बाभळीच्या लाकडात नर-मादी साचा कोरला. पापणीसारखा उठलेला पत्रा, तोंड मागे, लांबी १०० मिलिमीटर, उघडीप ८ मिलिमीटर. मिस्त्री लूव्हर म्हणतच नाहीत, पापण्याच म्हणतात. अशा चोवीस पापण्या म्हणजे १९२ चौरस सेंटिमीटरची वाट. आणखी पाडता आल्या असत्या, पण दर पापणीगणिक पत्रा थोडा आखडतो. जास्त झाल्या की उरलेला सपाट भाग डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजू लागतो, मग तो सरळ करण्यात आठवडा जातो. जग्वारलाही हे सोपं गेलं नव्हतं. १९६१ च्या ई-टाइपमध्ये सुरुवातीच्या गाड्यांना लूव्हरचे तुकडे वेगळे करून बॉनेटमध्ये वेल्ड करत. पत्र्यातूनच थेट ठोकून काढायची पद्धत नंतर आली. आज संग्राहक ती वेल्डची जुनी बॉनेटं शोधत फिरतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. ज्या कामाचा तेव्हा कारागिरांना वैताग आला असेल, त्याचीच आता किंमत.

खरं तर डाव्या बाजूच्या बारा पापण्या पुरल्या असत्या. ताप सगळा डावीकडे. पण एकाच बाजूला पापण्या असलेलं बॉनेट पाहून मालकांचा चेहरा पडला, आणि ते बरोबरच होतं. मर्सिडीजच्या ३०० एसएलच्या बॉनेटवर दोन फुगवटे आहेत. इंजिनाला जागा द्यायला एकच लागत होता, दुसरा नजरेच्या समाधानासाठी. एवढ्या हिशेबी जर्मनांना जे चालतं ते आपल्याला चालवून घ्यायला हरकत नाही.

उजव्या पापण्यांनी मात्र नवीच अडचण आणली. या इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर उजवीकडे असतो. पळत्या गाडीत मागे तोंड केलेल्या पापणीतून पाऊस आत येत नाही. उभ्या गाडीत येतो, आणि डिस्ट्रिब्यूटरवर पाणी पडलं की सकाळी ठिणगी नाही. माळवदाच्या झरोक्यावर पावसाळ्यात काहीतरी झाकण ठेवतात तसं करता आलं असतं, पण मालकांना ते आठवणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. शेवटी उजव्या बाजूला खालून पत्र्याची पन्हळ बसवली. हवा तिच्या कडेने वर निघते आणि पाणी तिच्यातून वाहत चाकामागे पडतं. सगळ्या कामातला हा भाग कुणालाच दिसत नाही, पण प्रस्तुत लेखकाला तोच सगळ्यात आवडतो.

हे सारं मूळ बॉनेटवर केलं का? नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पाटीवर व्हीए ही अक्षरं. सुटं निघणारं बॉनेट त्यात बसतं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा दुसरं बॉनेट घडवणं शहाणपणाचं. कायदा बाजूला ठेवला तरी अ‍ॅबिंग्डनच्या कामगाराने बसवलेला पत्रा आज कुणीही पुन्हा बनवू शकत नाही. तो कापणाऱ्याचा हात धरावा असंच लेखकाचं मत आहे, मग कापणारा पैसे देणारा मालक का असेना. मूळ बॉनेट आता सोलापुरी चादरीत गुंडाळून मालकांच्या माळ्यावर आहे. चार बोल्ट काढले की दहा मिनिटांत परत लागतं. रॅलीला ते, उन्हाळ्याला हे.

रंग देण्यात अपेक्षेपेक्षा दुप्पट दिवस गेले. पापणीच्या आतल्या बाजूला पॉलिश पेपर बोटाच्या टोकाने घासावा लागतो. चोवीस पापण्या, दोन कडा, तीन हात. मिस्त्रींच्या तर्जनीची साल गेली आणि त्यांनी तीन दिवस डाव्या हाताने चहा प्यायला.

पहिली खरी परीक्षा दुपारी दोन वाजता झाली, त्याच सात रस्त्याला. होटगी रस्त्याकडून येऊन गाडी सिग्नलला थांबली. मालकांनी तापमानाच्या काट्यावरून नजर हलवली नाही. लेखक बाजूला बसून बॉनेट बघत होता. पापण्यांच्या वरची हवा थरथरू लागली, समोरच्या बसचे आकडे त्या थरथरीतून वितळल्यासारखे दिसू लागले. शेजारी दुचाकीवर एक बाई आणि मागे शाळेचं दप्तर घेतलेला मुलगा होता. मुलाने हात लांब करून पापण्यांवर धरला आणि पटकन मागे घेतला.

"आई, गाडीला ताप आलाय बघ."

सिग्नल हिरवा झाला. इंजिन चालू होतं.