समासातलं टिपण

मैत्रिणींनो, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं १९७० साली. आमच्या भुसावळच्या घरातल्या प्रतीत भरल्या वांग्यांपाशी सासूबाईंनी पेन्सिलीनं लिहिलंय, 'आपल्याकडे तिखट दुप्पट.' पुस्तक कपाटात होतं, म्हणून ते मला मिळालं.

आता मी टॅबवर वाचते. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, चष्म्याला तेवढीच विश्रांती! बोट ओढलं की ओळ पिवळी होते, शेजारी टिपणही लिहिता येतं. किंडलवर तर २०१६ पासून मराठी पुस्तकंही आहेत. पण बाई, ही टिपणं जपली जातात ती ज्याचं खातं त्याच्यापाशी. आणि पुष्कळ घरांत खातं असतं यजमानांच्या नाहीतर मुलाच्या नावाचं. तेव्हा खातं स्वतःचं उघडा. टिपणं मधूनमधून ई-मेलनं स्वतःला पाठवा. मी तर ती छापूनही घेते, आणि सुनेला पासवर्ड सांगून ठेवलाय.