पाने सारखी वाटा

‘पत्ते कुटणे’ हा शब्दप्रयोग मराठीत कुणी कौतुकाने केल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. अभंग गावेत, व्याख्याने द्यावीत, पत्ते मात्र कुटावेत! जणू पत्ते खेळणारा माणूस आपले भवितव्यच उखळात घालून बसला आहे. तरीही मे महिन्याच्या दुपारी ज्या घरात मेंढीकोट, बदाम सात किंवा पाच-तीन-दोनचा डाव पडला नाही, असे घर आमच्या उरण तालुक्यात शोधून सापडायचे नाही. बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग खोळंबली की चालक मंडळी चाकांच्या सावलीत गोणपाट पसरतात आणि बावन्न पानांत आपापला मुलूख विसरतात. पंजाबचा चालक, बिहारचा क्लीनर आणि जासईचा पानवाला यांना एकमेकांची भाषा धड येत नाही. पण इस्पिकचा एक्का तिघांनाही सारखाच कळतो.

आम्हा चौघांना पत्त्यांचा नाद लागला तो मात्र रेल्वेमुळे. खारकोपर ते उरण हा लोहमार्ग १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला आणि आमच्या न्हावा शेव्याला स्वतःचे स्टेशन मिळाले. स्टेशन ऐसपैस, वारा मुबलक, फक्त एक गाडी चुकली की दुसरीसाठी बराच वेळ हाताशी राहतो. या वेळात अभ्यास करता येतो, हे प्राध्यापक मंडळींचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. आम्ही पत्ते खेळत असू, इतकेच.

चौघांची ओळख करून द्यायला हवी. एक मी, उरणचा. दुसरा जासईचा, त्याच्या काकांचे ट्रेलर आहेत. तिसरी मोऱ्याची मैत्रीण. ती सुट्टीत एका क्लिअरिंग एजंटाकडे कामाला जाते. चौथा शेव्याचा. बंदरासाठी जुने शेवे उठले तेव्हा त्याचे आजोबा जाळी, होडी आणि गावदेवीची आठवण घेऊन नव्या वसाहतीत आले. वडील आज कंटेनर यार्डात ठेकेदाराकडे रोजावर आहेत. आमच्यात उत्तम पत्ते खेळणारा तोच. कोणते पान पडले, कोणते कुणाच्या हातात दबा धरून आहे, याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असे.

एके दिवशी जासईच्या मित्राने नवा खेळ आणला. त्याचा चुलतभाऊ पोकेमॉनची पाने जमवतो. त्यातली मूठभर त्याला मिळाली होती. झाले! बावन्न पाने मागे पडली आणि आम्ही ‘जमवायच्या पत्त्यांच्या’ जगात शिरलो.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रिचर्ड गारफील्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९९३ मध्ये ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ काढला. त्यातली कल्पना साधी, पण जुन्या पत्त्यांना उलटेपालटे करणारी होती. आपल्या नेहमीच्या खेळात एकच कॅट असतो. तो पिसायचा आणि सर्वांना वाटायचा. इथे प्रत्येकाने आपापला कॅट घरून बांधून आणायचा. शेकडो प्रकारची पाने छापलेली. त्यांतली आवडतील ती निवडायची, मित्रांशी अदलाबदल करायची आणि आपली साठ पानांची फौज उभी करायची. १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनचा असाच खेळ आला, आणि पुढे अशा खेळांची रीघच लागली.

पाने जमवण्याचे वेड मात्र त्याहून कितीतरी जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि इंग्लंडात सिगारेटच्या पाकिटांत ताठपणासाठी चित्रांचे पुठ्ठे घालू लागले. मुले ते जमवू लागली. आपल्याकडे आमच्या वडिलांच्या पिढीने काड्यापेट्यांचे छाप जमवले, त्यांवर डाव लावले. पुढे १९९० नंतर कुस्तीगीरांची ट्रंप कार्डे आली. उंची, वजन, छाती, दंड! ज्याचा आकडा मोठा त्याने पान न्यावे. असा सोपा खेळ पुन्हा होणे नाही.

नव्या खेळात मात्र एक मेख आहे. ही पाने दुकानात बंद पाकिटांत मिळतात. पोकेमॉनच्या इंग्रजी पाकिटात दहा पाने असतात; आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. बरीचशी पाने साधी, एखादे दुर्मीळ, आणि फार बलवान पान तर कित्येक पाकिटांतून एखादे. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली; तिकीट घेणाऱ्याच्या छातीत जी धडधड होते तीच पाकीट फोडणाऱ्याच्या छातीत होते. फरक एवढाच, की लॉटरी हरलेला गप्प घरी जातो आणि इथे हरलेला आणखी एक पाकीट घेतो.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. मग जासईच्या मित्राने काही पाकिटे विकत आणली, पाठोपाठ मोऱ्याच्या मैत्रिणीने आणली. त्यांच्या कॅटमध्ये चकचकीत, दांडगी पाने दिसू लागली. शेव्याचा मित्र उरलीसुरली पाने घेऊन खेळत होता. चाल त्याची अचूक असे, पण समोरून एकच दांडगे पान यायचे आणि त्याची सगळी मांडणी झोपवून जायचे. एका संध्याकाळी त्याने हातातली पाने नीट जुळवली, रबर लावले आणि म्हणाला, “मना नाय खेलाचा आता. तुमीच खेला.” आवाजात राग नव्हता. राग असता तर समजूत घालता आली असती. दुसऱ्या दिवशी तो फलाटाच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र वाचत उभा राहिला.

त्या दिवसापासून ‘कोणता खेळ घ्यावा’ हा आमच्यापुढे करमणुकीचा प्रश्न राहिला नाही. चौघांत एकाने हात काढून घेतला, तर आमची टोळी कॉलेज संपण्याआधीच मोडणार होती.

लहानपणी आपण सर्वांनी ‘भिकार-सावकार’ खेळलेले आहे. त्यात बुद्धीला काडीचे काम नाही. नशीब ज्याचे, तो सावकार. पण त्या खेळातही आरंभी पाने निम्मी-निम्मी वाटतात! सावकार कोण हे डाव सुरू झाल्यावर ठरते. आमच्या फलाटावर ते डावाआधीच, दुकानाच्या गल्ल्यावर ठरू लागले होते.

वाटप हा शब्द आमच्या भागात तसा जपूनच उच्चारावा लागतो. जमिनी गेल्या, मोबदल्यासाठी माणसे रस्त्यावर आली, १९८४ च्या जानेवारीत जासई-पागोटे परिसरात पाच जण हुतात्मा झाले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व आले. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झाले. कुणाच्या वाट्याला काय आले, याचे हिशेब आमच्या ओट्यांवर आजही चालतात. एवढ्या मोठ्या गोष्टीशी पोरांच्या पत्त्यांची तुलना करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. परंतु ज्या मुलाच्या घरात हे हिशेब रोज ऐकू येतात, त्याला आपली पाने कमी आहेत हे इतरांपेक्षा लवकर कळते, एवढे मात्र खरे.

आम्ही तिघांनी मग रीतसर बैठक घेतली. नवशिक्यांना योग्य खेळ कोणता, याच्या चार कसोट्या ठरवल्या. एक, सगळे सामान एकाच डब्यात असावे. पुढे काही विकत घेण्याची सक्ती नसावी. दोन, डब्यातले कॅट तोलाचे असावेत. तीन, नियम अर्ध्या तासात समजावेत. चार, पानांवरचे इंग्रजी आटोपशीर असावे. कारण चाल खेळायची की शब्दकोश उघडायचा, हा पेच फलाटावर परवडत नाही.

‘मॅजिक’ खेळ विचाराला खोल; पाच रंग, वीस प्राण, आणि बहुतेक पानावर नियमाचा एक परिच्छेद. त्याचाही दोन तयार कॅटांचा नवशिक्यांसाठीचा संच मिळतो. पण आमच्या चौथ्या कसोटीला तो उतरेना. ‘यू-गि-ओ’मध्ये निदान चाळीस पाने, आठ हजार गुण आणि अक्षरे मुंगीएवढी. ‘ऊनो’ची एकशे आठ पाने कुणालाही पाच मिनिटांत येतात, मात्र तिथे डाव बांधण्याची गंमत नाही. आम्हाला थोडा विचार करायला लावणारा खेळ हवा होता.

याच सुमारास मला सावंतवाडीची आठवण झाली. कॉलेजच्या सहलीत तिथल्या राजवाड्यात गंजिफाची पाने पाहिली होती. गोल पाने, हाताने रंगवलेली, लाखेची झिलई दिलेली. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशे वीस. खेळणारे तिघे, म्हणजे प्रत्येकाला चाळीस. दिवसा खेळ असेल तर रामाचा मान, रात्री असेल तर कृष्णाचा. ही कला मरणपंथाला लागली असता शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० नंतरच्या दशकात कारागिरांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. तो हस्तकलेचा संच फलाटावर नेण्याजोगा नव्हे, आणि आमच्या खिशालाही मानवणारा नव्हे. पण त्याच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी होती. पान कितीही सुंदर असो, मत्स्य असो की कल्की, एकशे वीस पाने आधी एकत्र पिसली जातात आणि मग तिघांत सारखी वाटली जातात. कुणी आपला राम घरून घेऊन येत नाही.

अखेर पोकेमॉनचाच ‘बॅटल अकॅडमी’ नावाचा डबा घ्यायचे ठरले. हा संच प्रथम २०२० मध्ये निघाला, पुढेही त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या. आत साठ-साठ पानांचे तीन तयार कॅट आणि खेळण्याचा पट. पहिला डाव पाने न पिसता, पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमाने खेळायचा, म्हणजे हात धरून शिकवल्यासारखे होते. हातात सात पाने घ्यायची, सहा बक्षिसाची म्हणून बाजूला पालथी ठेवायची. समोरच्याचा गडी बाद केला की त्यातले एक उचलायचे. सहाही आधी उचलेल तो जिंकला. ऊर्जेचे पान प्रत्येक खेपेला एकच लावता येते, त्यामुळे उतावळ्याला आपोआप संयम शिकावा लागतो.

वर्गणीचा प्रश्न मोऱ्याच्या मैत्रिणीने सोडवला. चौघांचा वाटा सारखा, हप्ते दोन, आणि डबा कुणा एकाच्या नावावर नाही. शेव्याच्या मित्राकडे जाऊन तिने सांगितले, “अरे, आम्ही तुला खेळायला बोलवायला आलेलो नाही. वर्गणी मागायला आलोय.” तो हसला आणि दुसऱ्याच दिवशी आपला पहिला हप्ता घेऊन आला. दया दाखवली असती तर तो आला नसता. हक्काने पैसे मागितले म्हणून आला.

डबा हाती आला तेव्हा मैत्रिणीने आपली विद्या पाजळली. सीमाशुल्काच्या तक्त्यात खेळण्याच्या पत्त्यांना ९५०४ ४० असा स्वतंत्र क्रमांक आहे म्हणे! ज्या बंदरामुळे आमची गावे हलली, त्याच बंदरातून जगभरची खेळणी वीस-चाळीस फुटी डब्यांत येतात आणि रात्रभर आमच्या दारावरून जातात. त्यांतला एक छोटासा डबा आमच्या दारी उतरला, एवढेच.

इंग्रजीची अडचण आम्ही घरगुती उपायाने दूर केली. पानांवरच्या शब्दांना आपले शब्द दिले. गडी, बाक, ऊर्जा, बक्षीस, माघार. झोपलेल्या गड्याला ‘ओहोटी लागली’ आणि तो जागा झाला की ‘भरती आली’. हे नामकरण अर्थातच शेव्याचे. एकदा गस्तीवरचे पोलीसदादा जुगाराच्या संशयाने जवळ आले, पटावर पिवळा पिकाचू पाहून म्हणाले, “आमचा बारका पण हाच खेळतो.” मग त्यांनी उभ्याउभ्या एक चालही सुचवली. ती चुकीची होती, पण आम्ही आदराने ऐकून घेतली.

आता कॅट बदलत फिरतात. आज ज्याच्या हाती पिकाचू, उद्या त्याच्या हाती दुसरा. दोघे खेळतात, दोघे मागे उभे राहून शहाणपण शिकवतात. शेव्याचा मित्र बहुतेक वेळा जिंकतो. आणि तो जिंकतो तेव्हा का जिंकला हे आम्हा सर्वांना कळते. हरण्याचेही त्यामुळे दुःख होत नाही, उलट काहीतरी शिकल्यासारखे वाटते.

पाकिटे घेऊन पाने जमवणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. दुर्मीळ पानासाठी वाट पाहणे, अदलाबदलीत घासाघीस करणे, यात रंगत आहेच. ज्याला तो छंद पेलतो त्याने तो जरूर करावा. पण चार मित्रांना मिळून प्रथमच खेळायचे असेल, तर आधी पाकीट घेऊ नये, डबा घ्यावा. सारख्या पानांवर खेळून झाल्यावरच कळते, की आपण खेळात कच्चे आहोत की फक्त पानांत.

येत्या परीक्षेनंतर आमच्या वाटा फुटतील. कुणी यार्डात लागेल, कुणी अटल सेतूवरून मुंबईला जाईल, कुणी पुढे शिकेल. डब्याचे चार तुकडे करता येत नाहीत, म्हणून तो धाकट्या वर्गातल्या मुलांना द्यायचे आम्ही ठरवले आहे. अट एकच : एकशे ऐंशी पाने मोजून घ्यावीत, खेळताना सर्वांना सारखी द्यावीत, आणि पुढच्यांच्या हाती मोजूनच सोपवावीत.