खुराक

मनुष्य सावकाराला फसवू शकतो, एखादे वेळी कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यासही चकवू शकतो. परंतु स्वतःच्या शरीराचा हिशेब त्यास चुकविता येत नाही. आम्ही महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवितो, आणि सुटणारी बस गाठण्यापलीकडे आयुष्यात कधी धावलेलो नाही. तेव्हा धावणारांच्या आहारावर आम्ही लेखणी चालवावी हे कित्येकांस अनधिकार वाटेल. पण हा विषय मैदानाचा जितका, तितकाच स्वयंपाकघराचा आहे. आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार जेवणाऱ्या प्रत्येकास आहे.

नागपुरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, म्हणून येथील धावणारी मुलेमुली उजाडण्यापूर्वीच मैदान गाठतात. पहाटे फिरावयास गेलो असता त्यांतील मुलींची संख्या पाहून आम्हांस धन्यता वाटते. मात्र यांतील एखादीच्या दिवसभराच्या जेवणाची चौकशी केली म्हणजे धन्यता ओसरते. पहाटे अर्धा कप चहा; दुपारी डब्यात दोन पोळ्या; संध्याकाळी पुन्हा सराव; रात्री ‘वजन वाढेल’ म्हणून भात वर्ज्य. त्यात सोमवार, चतुर्थी आणि नवरात्र आहेतच. वजन उतरले की वेग वाढतो असे कोणीतरी मनावर बिंबविलेले असते. आणि आरंभी थोडासा वाढतोही, हेच दुर्दैव!

आमच्या शेजारची एक मुलगी अशीच धावत असे. तिचा मासिक धर्म थांबून सहा महिने झाले, तेव्हा तिची आई आमच्या गृहिणीस म्हणाली, “वहिनी, सरावामुळे होतं म्हणे असं. बरंच झालं, तेवढीच कटकट कमी.” पुढे नडगीचे दुखणे मालिशीने हटेना, तेव्हा तपासणीत हाडाला बारीक तडा आढळला. मुलगी पडली नव्हती, कोठे आपटली नव्हती. डॉक्टरांनी पायाआधी पाळीची आणि ताटाची चौकशी केली, याचे घरच्यांस नवल वाटले.

नवल वाटण्याचे कारण नाही. खाल्लेल्या अन्नातून व्यायामाचा खर्च वजा जाता जे उरते, त्यावर शरीराचा सारा प्रपंच चालतो. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ४५ कॅलरी शिल्लक राहिल्या तर प्रपंच सुखाने चालतो, असे शास्त्रज्ञ मानतात. अशा ४० किलोंच्या मुलीस धावण्याचा खर्च सोडून १८०० कॅलरी हव्यात. धावण्यात ६०० गेल्या तर ताटात २४०० पडल्या पाहिजेत. दोन पोळ्यांचा डबा या हिशेबात कितीसा पुरणार? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, ही शिल्लक ३० च्या खाली गेली म्हणजे अवघ्या पाच दिवसांत तरुण स्त्रियांच्या मेंदूतून बीजकोशास जाणाऱ्या संदेशांची लय बिघडते. तंगीच्या घरात प्रथम लग्नकार्ये पुढे ढकलतात. शरीरही अपत्यधारणेचा खर्च प्रथम तहकूब करते. बंद पडलेली पाळी ही सुटका नसून दिवाळखोरीची पहिली नोटीस आहे.

दुसरी नोटीस हाडांस येते. बीजकोशातून स्रवणारे द्रव्य हाडांचे राखणदार असते. ते आटले की झीज वाढते, आणि अन्नाच्या तुटीने नवी भर मंदावते. हाडांची बहुतेक पुंजी विशीच्या आतबाहेर जमते. नेमक्या त्याच वर्षांत उपासमार झाली तर ती पुंजी पुढे पुरती भरून येईलच असे नाही. चुन्याच्या गोळ्यांनी ही तूट भागत नाही. संततिनियमनाच्या गोळ्यांनी दर महिन्यास रक्तस्राव होतो खरा, पण त्याने मूळ रोग केवळ झाकला जातो.

या दुखण्यास वैद्यकाने १९९२ मध्ये ‘क्रीडापटू स्त्रियांचे त्रिकूट’ असे नाव दिले. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याची व्याप्ती वाढविली. कारण पुरुषांतही पौरुषद्रव्य घटते व हाडे ठिसूळ होतात असे दिसून आले होते. अमेरिकेची मेरी केन सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेत धावली. तिनेच २०१९ साली जगास सांगितले की, वजन उतरविण्याच्या नादात तीन वर्षे आपली पाळी बंद होती आणि पाच हाडे मोडली.

आमच्या तालमींस हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण ‘खुराक’ हा शब्द ठाऊक होता. पोराला तालमीत घालण्यापूर्वी बाप दूध, तूप, बदामाच्या थंडाईची तजवीज करी, ती न झाली तर वस्तादच म्हणे, “जोर कमी कर.” कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोंच्या गटात सहावे आले, १९५२ साली हेलसिंकीस ते वरच्या ५७ किलोंच्या गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. हलके होणे म्हणजेच जिंकणे, असा काही नियम नाही.

परंतु हा खुराक मुलग्यांचा होता. मुलीस आम्ही मैदान दिले, बूट दिले, टाळ्याही दिल्या. ताटात मात्र जुन्याच मापाने वाढीत राहिलो. भावाच्या पानावर तूप, आणि तिने सर्वांच्या मागून उरलेल्यात भागवावे, ही रीत धावणाऱ्या मुलीच्या घरी तरी मोडली पाहिजे. सलग तीन महिने पाळी चुकली, किंवा पंधरावे वर्ष उलटूनही ती आली नाही, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. कारणे इतरही असू शकतात.

शेजारच्या मुलीवर औषध म्हणून विश्रांती आणि पोटभर जेवण एवढेच सांगण्यात आले. पाळी काही महिन्यांनी परतली. हाडास त्याहून अधिक वेळ लागेल, असे डॉक्टर म्हणतात. पदक हुकले तर पुढल्या वर्षी मिळू शकेल. विशीत न जमलेले हाड चाळिशीत कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.