शेंगेचा हिशोब

आम्हा आयटीवाल्यांना प्रोटीन म्हटलं की जिम, डबा आणि शेक एवढंच आठवतं. त्यामुळे बाभळीच्या वाळलेल्या शेंगेत साधारण १० ते १५ टक्के प्रथिनं असतात असं ऑफिसात सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, "माणसाला चालतात का?" :)

नाही हो! पण माणदेशातल्या शेरडांना चालतात, आणि त्यावरून सध्या आमच्या मामांच्या घरात वाद पेटलाय.

दहिवडीजवळ मामांचं कोरडवाहू रान आहे. बांधावर अकरा बाभळी. मामेभावाचं म्हणणं, विकून टाकू. सावलीत ज्वारी नीट येत नाही, काट्यांनी टायर पंक्चर होतात, आणि लाकडाचा व्यापारी रोख पैसे देतोय. त्याचं काही चुकत नाही. मामांचा प्रश्न एकच, "मग उन्हाळ्यात शेरडांनी काय माती खायची?" शेवटी दोघंही माझ्याकडे वळले, "तू कर की हिशोब, तुझं कामच ते."

तर हिशोब असा. ३० किलोची शेळी दिवसाला साधारण १ किलो कोरडा चारा खाते. नुसता ज्वारीचा कडबा दिला तर त्यात प्रथिनं ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४० ग्रॅम. चारा पचवतात ते शेळीच्या पोटातले जिवाणू, आणि त्यांना नीट काम करायला चाऱ्यात निदान ७ टक्के प्रथिनं लागतात. त्याहून कमी पडली की पोट भरलेलं दिसतं, पण जनावर वाळत जातं. आता ३०० ग्रॅम कडब्याच्या जागी १२ टक्क्यांच्या शेंगा घाला. बेरीज ६४ ग्रॅम, म्हणजे दीडपटीहून जास्त. उरलेली कसर रानातल्या बोरी-हिवराच्या पाल्यावर भागते.

पण हे झालं कागदावर. शेंगेत टॅनिन भरपूर असतं. ते प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे सगळी प्रथिनं काही अंगी लागत नाहीत. म्हणून नुसत्या शेंगांवर जनावर ठेवायचं नसतं, त्या जोडीलाच द्यायच्या. दुसरं म्हणजे, बरीचशी प्रथिनं बियांत असतात आणि बी दगडासारखं टणक. शेळी रात्री रवंथ करताना कितीतरी बिया थुंकून टाकते. (रोपवाटिकेसाठी गोठ्यातल्या याच बिया गोळा करतात, कारण त्या चांगल्या उगवतात. झाडाचाही आपला हिशोब आहेच.) त्यामुळे शेंगा गिरणीत भरडून दिल्या तर फायदा जास्त. आणि हे सगळं देशी बाभळीबद्दल. वेडी बाभूळ वेगळी. तिच्या शेंगा गोड असतात, पण त्याच मुख्य खाणं झाल्या तर गुरांना जबड्याचा आजार होतो.

भावाने लगेच विचारलं, "मग पेंडच विकत घेऊ की! तिच्यात प्रथिनं जास्त."

बरोबर आहे. पण हिशोब करताना मला जाणवलं की खरी गोष्ट टक्क्यांची नाहीच. शेंगा पिकून पडतात त्या उन्हाळ्यात. तेव्हा गवत संपलेलं असतं, कडबा महागलेला असतो आणि हातात पैसा नसतो. नेमक्या त्याच महिन्यांत बाजारातून काही न आणता झाडाखाली चारा पडतो. व्यापाऱ्याचे पैसे एकदाच येणार, पेंडीचे मात्र दर उन्हाळ्याला जाणार. आणि ते नसतील तेव्हा शेरडं विकावी लागणार, तीही सगळेच विकत असताना, पडेल भावाने.

सध्या ठरलंय असं: ज्वारीवर सावली धरणाऱ्या चार बाभळी जातील, सात राहतील. मामा गप्प आहेत. भावाला अजून वाटतंय, आणखी दोन गेल्या तरी चाललं असतं.

असो. तुमच्या गावाकडे मे महिन्यात शेरडं काय खातात, पुढच्या फोनवर विचारून बघा.