स्टार प्लस इंग्रजी होतं तेव्हा

स्टार प्लस म्हटलं की आज सासू-सुनांच्या मालिका डोळ्यांसमोर येतात. हे चॅनल मुळात इंग्रजी होतं असं सांगितलं, तर आमच्या घरातली मुलं हसतात. आम्हा भावंडांना मात्र ते दिवस चांगले आठवतात. त्या दिवसांची एक टोचणीही मनात आहे.

स्टार म्हणजे सॅटेलाइट टेलिव्हिजन एशियन रीजन. हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या हचिसन व्हॅम्पोआ समूहाने १९९१ मध्ये हा व्याप सुरू केला. कार्यक्रम येत ते एशियासॅट-१ या उपग्रहावरून. त्या उपग्रहाची कहाणीही गमतीची आहे. १९८४ मध्ये तो वेस्टार-६ या नावाने अवकाशात गेला, पण ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या डिस्कव्हरी यानाने त्याला पृथ्वीवर परत आणलं. डागडुजी होऊन १९९० मध्ये चिनी अग्निबाणाने तो पुन्हा वर गेला. म्हणजे आमच्या गल्लीत इंग्रजी आणणारा हा उपग्रह एकदा नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसलेला होता. आमच्यातल्या दोघांची मॅट्रिकची कथा तीच.

तोवर आम्हाला दूरदर्शन तेवढं माहीत होतं. मग केबलवाल्याने त्याच्या गच्चीवर छत्री बसवली आणि पत्र्यांवरून, लिंबाच्या फांदीवरून काळी वायर आमच्या घरात आली. ‘सांता बार्बरा’, ‘द बोल्ड अँड द ब्युटिफुल’, ओप्रा विन्फ्रेच्या गप्पा हे सारं त्या वायरीतून आलं. ‘बेवॉच’ लागलं की अब्बा मोठ्याने खोकत आणि आम्ही निमूटपणे चॅनल बदलत असू.

आम्ही मराठी शाळेतले. इंग्रजीशी गाठ पाचवीत पडलेली. गुरुजींनी शिकवलेलं इंग्रजी आणि टीव्हीतलं इंग्रजी यांचा आपसात काही नातेसंबंध आहे, हे कळायला वर्ष गेलं. हळूहळू शब्द सुटे होऊ लागले. एकेक वाक्य पकडलं की आम्ही एकमेकांकडे असे बघत असू, जणू पतंग काटला!

अम्मी मागे भाजी निवडत बसलेली असायची. पडद्यावर कुणी रडू लागलं की विचारायची, “वो कायकू रोती रे?”

आम्ही म्हणायचो, “बाद में बोलते, अम्मी.”

ते ‘बाद’ कधी आलं नाही. खरं म्हणजे ती बाई का रडते हे पुष्कळदा आम्हालाही कळलेलं नसायचं. पण ते कबूल करण्यापेक्षा अम्मीला गप्प करणं सोपं होतं.

इकडे चॅनलचे मालक बदलत होते. १९९३ मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने स्टारचा ६३.६ टक्के हिस्सा सुमारे साडेबावन्न कोटी डॉलरला घेतला, उरलेला १९९५ मध्ये. पण इंग्रजी समजणारी घरं या देशात किती? २ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झालेल्या हिंदी ‘झी’ने गर्दी कुठे आहे ते दाखवून दिलं होतं. पुढे झी आणि स्टार भागीदार होते. ती भागीदारी १९९९ मध्ये संपली आणि स्टार प्लसला हिंदीत उतरायला मैदान मोकळं झालं. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ एकाच रात्री सुरू झाले. करोडपतीचा साचा तेवढा ब्रिटिश. इंग्रजी मालिका स्टार वर्ल्डवर गेल्या. योगायोग असा की त्याच वर्षी महाराष्ट्राच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं.

आम्ही नाराज झालो. आपलं काहीतरी हिरावलं असं वाटलं. त्या रात्री अम्मी मात्र पहिल्यांदाच पुढे येऊन बसली. अमिताभनी प्रश्न विचारला आणि पर्याय संपायच्या आत तिने उत्तर दिलं. बरोबर! पुढचंही बरोबर. उर्दू चौथी शिकलेली आमची अम्मी. अब्बा हसून म्हणाले, “तुला फोन लावू दे काय?” आठ वर्षं ती त्याच खोलीत होती आणि तिला काय काय येतं हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

मार्च २०२३ मध्ये भारतातलं स्टार वर्ल्डही बंद झालं. आमच्या घरात कुणाला पत्ताही लागला नाही. मुलं आता मोबाइलवर इंग्रजी मालिका बघतात. त्यांचं बोलणं इतकं भरभर असतं की अर्धं आमच्या डोक्यावरून जातं. परवा विचारलं, “ती का रडतेय रे?”

“नंतर सांगतो,” धाकटा म्हणाला.

आम्ही गप्प बसलो. अम्मी असती तर तिच्या शेजारी जाऊन बसलो असतो.