सोळाच्या वेगावर

चार वेगांचा रेकॉर्ड प्लेअर ज्यांनी वापरला असेल, त्यांना खटक्यावरचा १६ हा आकडा आठवेल. ७८ जुन्या तव्यांसाठी, ४५ छोट्या रेकॉर्डसाठी, ३३ एलपीसाठी. १६ कशासाठी, हे आमच्या गिरगावातल्या चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्या वेगाची रेकॉर्ड कुणी पाहिलीच नव्हती. धोबीतलावला पियानो शिकवणाऱ्या गोवेकर अंकलनी मात्र त्याचा उपयोग शोधून काढला होता. एलपी सोळावर लावली की बरोबर निम्म्या वेगानं फिरते आणि सूर नेमके एक सप्तक खाली उतरतात. पट्टी बदलत नाही. सी मेजरमधलं गाणं सी मेजरमध्येच राहतं, फक्त ट्रम्पेट म्हशीसारखं हंबरतं आणि बास नुसता घरघरतो. पियानोची बोटं मात्र एकेक सुटी होऊन ऐकू येतात. पंचेचाळीसची रेकॉर्ड तेहतीसवर लावून हा हिशेब जमत नाही, सूर भलत्याच पट्टीत जाऊन पडतात. अंकल सुई अलगद उचलून त्याच चार वर्तुळांवर पुन्हा पुन्हा ठेवायचे. तेवढ्या जागी एलपी लवकरच करकरायला लागायची.

सत्तरच्या दशकात मुंबईत लॅटिन पियानो शिकायची साधनं एवढीच होती: कान, सुई, आणि शेजारी बसून पियानोच्या झाकणावर बोटांनी टकटक करणारा माणूस. फुर्तादोच्या दुकानात स्वरलिपीची पुस्तकं मिळत, पण ती परीक्षेची. ट्रिनिटी नाहीतर रॉयल स्कूल्स, बाख, क्लेमेंटी, स्केल्स. परीक्षा हाताला वळण लावण्यासाठी आणि नाचाचा बँड पोटासाठी, अशी अंकलच्या पिढीची सरळ वाटणी होती. गोव्यात चर्चच्या शाळेत मेस्तनं, म्हणजे संगीताच्या मास्तरानं, लहानपणीच सोल्फेज घोटून घेतलेलं असायचं, त्यामुळे समोर कागद ठेवला की वाजवायला अडचण नसे. अडचण अशी होती की मोंतुनो, म्हणजे पियानोवर फिरत राहणारी ती आकृती, कागदावर मावत नाही. मावला तरी तो चालतो कसा, ते कागद सांगत नाही.

आज माझ्या कीबोर्डच्या वर लॅपटॉप आहे. त्यात पियानोच्या बरोबर डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून दोन हात दिसतात. वेग निम्मा करा, सूर तसूभरही हलत नाही. चार वर्तुळं नको, दोन खुणा करा, तेवढाच तुकडा रात्रभर फिरत राहील आणि काही झिजणार नाही. बास नको असेल तर बास बंद, कोंगा नको तर कोंगा बंद. शिकवणाऱ्या बाई मूळच्या हवानाच्या, आता माद्रिदमध्ये राहतात. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण बाई त्या बाईच. पहिल्या तासाला त्यांनी पियानोला हातच लावू दिला नाही. टाळ्या वाजवायला लावल्या.

त्या टाळ्या आपल्या हिशेबानं सांगतो. सोळा मात्रा धरा, तीनतालाएवढ्या. १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर टाळी द्या. पहिल्या आठांत तीन, पुढच्या आठांत दोन. ही सोन या नाचाच्या संगीताची क्लावे. लाकडाच्या दोन जाड दांड्या एकमेकींवर आपटून ती वाजवतात आणि क्यूबातल्या नाचाच्या संगीताचं सगळं घर या पाच ठोक्यांवर उभं आहे. दोनाची बाजू आधी घेतली की तीच क्लावे 'दोन-तीन' होते. इथवर कुणालाही जमेल. गंमत बासपासून सुरू होते. आठ मात्रांच्या आवर्तनात तो चौथीवर आणि सातवीवर वाजतो, पहिलीवर वाजतच नाही. आपल्याकडे सगळी मैफल समेची वाट बघते, तिथं मान डोलावते, चुकून कुणाची 'वाहवा' निघून जाते. इथं बास वाजवणारा नेमका समेवर गप्प बसतो. वर सातव्या मात्रेवर पुढच्या आवर्तनाचा कॉर्ड आधीच वाजवून मोकळा होतो. तबल्याच्या संस्कारात वाढलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकते ती इथं.

आणि मग पियानो. दोन्ही हात एकच आकृती सप्तकाच्या अंतरानं वाजवतात. दोन-तीनच्या क्लावेवर तिचे आघात साधारण असे पडतात: १, ३, ४, ६, ८, १०, १२, १४, १६. पहिल्या अर्ध्यात समेवर एकदा पाय टेकतो. दुसऱ्या अर्ध्यात एकही आघात विषम मात्रेवर नाही, सगळे अधांतरी. शेवटचा सोळावा आघात पुढच्या समेच्या उंबरठ्यावर उभा राहून नवा कॉर्ड घेऊन येतो. हे दोन अर्धे क्लावेच्या उलट्या बाजूंवर बसले की सूर सगळे बरोबर असूनही नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. त्याला तिकडे 'क्रुसादो' म्हणतात आणि वादकाला ऐकवायची ती नामुष्कीची शिवी आहे.

अंकलनी आम्हाला यातला एक शब्दही सांगितला नव्हता. क्लावे नाही, मोंतुनो नाही, बाजू नाहीत. "असं नाय, असं," म्हणून ते झाकणावर ठोकायचे, आणि ठोक्यांशी हात जुळला की ठोकणं थांबवायचे. थांबले म्हणजे बरोबर. एवढंच व्याकरण.

ही पद्धत मागासलेली होती असं मी म्हणणार नाही, कारण खुद्द क्यूबातही फार वेगळं चाललं नव्हतं. १९४०च्या सुमारास आर्सेन्यो रोद्रिगेस या अंध त्रेसवादकानं सोनच्या ताफ्यात पियानो, कोंगा आणि जास्तीची ट्रम्पेटं आणली. त्रेस म्हणजे जोडतारांचं गिटारीसारखं वाद्य. तोवर फिरती आकृती वाजवण्याचं काम त्याचंच. ते पियानोनं उचललं. दोन्ही हात एकच का वाजवतात, याचं उत्तरही तिथंच मिळतं: ट्रम्पेट आणि कोंगांच्या गदारोळात पियानो ऐकू तर यायला हवा. लिली मार्तिनेस, रुबेन गोन्सालेस हे त्या ताफ्यातले पियानोवाले. रुबेन खरं तर डॉक्टर व्हायला निघाला होता. शाळेत शिकायचं ते शास्त्रीय. नाचाचं रस्त्यावर, दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून. आमच्या बाई शिकल्या त्या हवानातल्या सरकारी संगीतशाळेतही बाख आणि शोपँच होते. मोंतुनो त्या मामाच्या घरी शिकल्या. म्हणजे धोबीतलाव आणि हवाना यांत त्या बाबतीत समुद्राएवढं अंतर नव्हतं.

न्यूयॉर्कला मास्तर आणखी कडक होते, म्हणजे नाचणारे. ब्रॉडवेवरच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये माचितो, तितो पुएंते, तितो रोद्रिगेस यांचे ताफे वाजायचे. पियानोवाला ढिला पडला की समोरची फरशी रिकामी व्हायची, वेगळ्या शेऱ्याची गरज नव्हती. तिथूनच पुढं आलेला एडी पाल्मिएरी पोरवयात काकांच्या बँडमध्ये तिंबालेस बडवत होता. मग परत पियानोवर आला आणि उरलेलं आयुष्य पियानो तसाच वाजवला. २०२५ साली तो गेला तेव्हा मी त्याची जुनी ध्वनिमुद्रणं निम्म्या वेगावर लावून बसलो होतो. निम्म्या वेगावरही त्याचा डावा हात मला पुरता सापडत नाही.

मुंबईला हा सगळा माल आला तो मात्र फिरत-फिरत. हवानातून न्यूयॉर्क, तिथून हॉलिवूड, लंडनमधून एडमंडो रॉसच्या रेकॉर्डी (हा गृहस्थ मूळचा त्रिनिदादचा), आणि छापील ऑर्केस्ट्रेशनची बाडं. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे चितळकर, यांनी 'समाधी'साठी (१९५०) लता आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्याकडून जे 'गोरे गोरे' गाऊन घेतलं, त्याचं मूळ कार्मेन मिरांडानं पडद्यावर गायलेल्या 'चिको चिको'त आहे. ते गाणं पोर्तो रिकोचं नाव सांगतं, पण लिहिलं हॉलिवूडवाल्यांनी, गायलं पोर्तुगालमध्ये जन्मून ब्राझीलमध्ये वाढलेल्या बाईनं, आणि रंगवलं मुंबईत. पुढच्याच वर्षी 'अलबेला'त हळदोण्याचा शिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शाविएर वाझ, आपल्या ताफ्यासह पडद्यावरच दिसला. सिनेमाच्या वाद्यवृंदात बोंगो-कोंगा रुजवण्याचं श्रेय जातं कावस लॉर्ड या पारशी वादकाला. सोवळ्यातलं कुणी म्हणेल, ही भेसळ. मला ती भेसळ फार आवडते. खोताच्या वाडीत लग्न असलं की रात्री 'मसाला' सुरू व्हायचा. एकामागून एक गाणी, मध्येच चा-चा-चा, आणि कुंपणाबाहेर आम्ही पोरं. दोन-तीन की तीन-दोन हे तिथं कुणी विचारत नव्हतं. पाय मात्र चुकत नव्हते.

ऐंशीच्या दशकात हे सगळं एका बटणात गेलं. कॅसिओच्या त्या छोट्या, कॅल्क्युलेटर असलेल्या व्हीएल-१वर तालांची यादी होती: वॉल्ट्झ, स्विंग, रॉक, बोसानोवा, सांबा, ऱ्हुंबा, बिगीन. बटण दाबा, टिक-टाक-टुक सुरू. बिगीन हा मार्तिनीकचा नाच आहे हे आम्हाला कोण सांगणार? आमच्या लेखी तो कोल पोर्टरच्या गाण्यापुरता होता. रुंबाचीही तीच गत. १९३०नंतर अमेरिकेनं 'ऱ्हुंबा' म्हणून जगभर विकला तो मुळात सोन. क्यूबातला खरा रुंबा म्हणजे ढोल, गळा आणि नाच, त्यात पियानोला जागाच नाही. आता यूट्यूबवर पंधरा मिनिटांत कुणीही हे वेगळं करून दाखवतो: मेरेंगे डोमिनिकन, प्लेना पोर्तो रिकोची, कोंपा हैतीचा, झूक ग्वादलूप-मार्तिनीकचा. जमैकाच्या रेगेत तर पियानोवाला ठोक्यांच्या अध्येमध्ये कॉर्ड चापटतो, म्हणून बाईंनी मला आधी तेच वाजवायला दिलं. पन्नास वर्षं एका 'लॅटिन' नावाच्या पोत्यात भरून ठेवलेलं धान्य निवडून वेगळं होताना बघण्यात आनंद आहे. या बाबतीत जुन्या दिवसांचे उमाळे काढायला मी तयार नाही.

हळहळ आहे ती एकाच गोष्टीची, झाकणावरच्या टकटकीची. माझा आवाज माद्रिदला पोचायला क्षणाचा एक तुकडा लागतो, त्यांचा इकडे यायला तेवढाच. बोलताना तो जाणवत नाही, पण त्यांनी क्लावे धरली आणि मी मोंतुनो सुरू केला की माझं जुळलेलं त्यांना मागं पडलेलं ऐकू येतं. ते सावरायला त्या थांबल्या की मी पुढं पळतो. एकत्र वाजवणं अशक्यच. त्यावर कडी म्हणजे झूमचं गोंगाट गाळणारं यंत्र: क्लावेचा ठोका त्याला कुणी दार ठोठावल्यासारखा वाटत असावा, कारण ते तो सभ्यपणे पुसून टाकतं. 'ओरिजिनल साउंड' सुरू केल्यावर ठोके ऐकू आले, उशीर तसाच राहिला. म्हणून बाई आता स्वतः वाजवलेली क्लावे आधी ध्वनिमुद्रित करून पाठवतात. मी तिच्यावर वाजवून परत पाठवतो, त्या लाल रंगानं खुणा करून धाडतात. 'सतरा सेकंदांना उजवा अंगठा घाईत.' अचूक. अंकलना सेकंद कधी सांगता आले नसते. पण ती ध्वनिमुद्रित क्लावे मी चुकलो काय, सुधारलो काय, आपली चालतच राहते. अंकलचं बोट थांबायचं.

मुळात तिकडची माणसं आपल्यापर्यंत पोचली हेच अलीकडचं. क्यूबात २०१५च्या सुमारास बागांमधून वायफाय आलं, लोक कठड्यांवर फोन घेऊन बसू लागले. मोबाइलवर इंटरनेट आलं ते २०१८च्या डिसेंबरात. त्याआधी आठवड्याचं 'पाकेते', म्हणजे सिनेमे-गाणी-मालिका भरलेली हार्ड डिस्क, घरोघर फिरायची. बाईंचे मामा अजून हवानातच असतात. त्यांनाही शिकवण्या घ्यायच्या आहेत, पण वीज टिकेल तर. रुबेन गोन्सालेसकडे १९९६ साली वाजवायला पियानो उरला नव्हता. मालीच्या वादकांसोबत ध्वनिमुद्रण करायचं ठरलं होतं, ते हवानात पोचू शकले नाहीत म्हणून बेत बदलला आणि 'बुएना विस्ता सोशल क्लब' हा अल्बम झाला, तेव्हा सत्तरी उलटलेला हा माणूस पुन्हा पियानोवर बसला. ती सीडी मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतली होती. दुकान २०१६मध्ये बंद झालं, सीडी वाजवायचं यंत्रही घरात उरलेलं नाही.

परवाच्या तासाला बाईंना मी 'गोरे गोरे' ऐकवलं. आधी त्या हसल्या, मूळ चाल ओळखून. मग पेन टेबलावर आपटत बारीक ऐकू लागल्या, आणि मधेच गाणं थांबवून विचारलं, "हे वाजवणारे कोण? हे कुठं शिकले?" पुणतांबे, हळदोणे, धोबीतलाव, चर्चची शाळा असं सगळं मोडक्या इंग्रजीत सांगता सांगता तासाची पाऊण वेळ गेली. रेगेचा गृहपाठ तपासायचा राहिला. पुढच्या वेळी त्यांना 'अलबेला'तला शिक चॉकलेटचा ताफा बघायचा आहे, आणि लग्नातला 'मसाला' कुणाकडे ध्वनिमुद्रित असेल तर तोही. वांद्र्याच्या एका कीबोर्डवाल्याला मी फोन करून ठेवला आहे.